हातात सुई असली म्हणजे : मांजरीची गोधडी आणि बायकांची बैठक

मांजरी बुद्रुक आणि मांजरी खुर्द ही मुळा-मुठेच्या दोन काठांवरची गावे. त्यांच्याविषयीचा कागद कमी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात खडकवासल्याचे धरण उभे राहिले, मुठेच्या उजव्या कालव्याचे पाणी हडपसरवरून पुढे सरकले आणि पाणीपट्टीची दप्तरे सुरू झाली. इंग्रजी अमदानीत मांजरीच्या सरकारी फार्मवर उसाचे प्रयोग झाले, त्यांचे अहवाल छापले गेले. ‘मांजरी गोटा’ हे वांगे गावाचे नाव घेऊन वाणांच्या यादीत बसले. १९७५ साली स्थापन झालेली आणि १९८९ पासून वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाणारी संस्था इथेच आहे. १९९७ साली सुरू झालेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रही इथेच. शिवारातल्या प्रत्येक गुंठ्याचा सातबारा आहे. २०२१ मध्ये २३ गावे पुणे महापालिकेत आली, त्यांत मांजरी बुद्रुक होते. त्याचीही अधिसूचना आहे.

या सगळ्या कागदांत एक गोष्ट सापडत नाही. दुपारची जेवणे उरकली की चार घरच्या चार बायका एका ओट्यावर जमत, जुनी लुगडी अंथरत आणि दिवे लागणीपर्यंत टाके घालत. हे या गावात पिढ्यान्‌पिढ्या घडत आले. त्यातून निघालेली वस्तू आपल्याला ठाऊक आहे, ती गोधडी. पण ती शिवली जात असताना जी बैठक होई, तिची नोंद कुणी ठेवली नाही. गेली काही वर्षे मी मांजरीत आणि आसपास जुन्या गोधड्या पाहत, त्या शिवणाऱ्यांशी बोलत हिंडते आहे. गोधडीचे कौतुक हल्ली पुष्कळ होते. मला या लेखात गोधडीपेक्षा त्या बैठकीविषयी लिहायचे आहे. गोधडी ही बायकांना एकत्र बसून बोलण्याची परवानगी होती, आणि त्या परवानगीची किंमत गोधडीच्या उबेपेक्षा मोठी होती, असे माझे मत हळूहळू बनत गेले आहे.

शब्द आणि नोंदी

पुण्याकडे गोधडी म्हणतात. सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडे वाकळ. सीमाभागात कन्नडच्या शेजाराने ‘कौदी’ ऐकू येते. तान्ह्या बाळाचे ते दुपटे. संस्कृतात ‘कंथा’ हा जुना शब्द आहे. बंगालातला ‘कांथा’ त्याच घरचा, आणि नाथपंथी जोग्याच्या ठिगळांच्या वस्त्रालाही आपल्याकडे कंथाच म्हणत. गाडगेबाबांना लोक ‘गोधडेबुवा’ म्हणत ते त्यांच्या अंगावरच्या चिंध्यांच्या वस्त्रामुळे. म्हणजे गोधडी या शब्दाला विरक्तीचा एक धागा आहे आणि गरिबीचा दुसरा. घरगुती कलेचा मान तिला मिळाला तो अगदी अलीकडे.

सरकारी नोंदींत गोधडी डोकावते ती ओझरती. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये निरनिराळ्या जातींच्या घरातले सामान सांगताना भांडीकुंडी, घोंगड्या, अंथरुणे-पांघरुणे येतात. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाचा बारकाईने अभ्यास केला आणि १९१७ साली तो प्रसिद्ध केला. दख्खनच्या खेड्याचा जमीनधारणा, कर्ज, उत्पन्न, खर्च असा हिशेब मांडणारे ते पहिल्या काही पुस्तकांपैकी एक. पण अशा हिशेबाला एक मर्यादा असतेच. जे पैसे देऊन आणले ते खर्चात येते, जे विकले ते उत्पन्नात. जुन्या लुगड्याची गोधडी दोन्हीकडे बसत नाही. तिला दाम पडत नाही आणि तिचा दाम येत नाही. वीस तासांचे काम अशा रीतीने कोणत्याही रकान्यात न पडता निघून जाते.

वीस तासांचे गणित

वीस तास हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. मांजरीतल्या एका घरची रोजच्या वापरातली गोधडी मी पट्टीने मोजली. लांबी सात फूट, रुंदी पाच फूट. टाक्यांच्या दोन ओळींतले अंतर साधारण पाऊण इंच. एका इंचात दोन टाके. धावदोरा चारही कडांवरून सुरू होऊन चौकोनात चौकोन घेत मध्यापर्यंत गेलेला. आता ८४ इंच गुणिले ६० इंच म्हणजे ५,०४० चौरस इंच. त्याला पाऊण इंचाने भागले की दोऱ्याच्या ओळीची एकूण लांबी ६,७२० इंच येते, म्हणजे ५६० फूट. इंचाला दोन टाके धरले तर १३,४४० टाके. आत पाच-सहा थर असताना सुई सहज जात नाही. एका टाक्याला पाच सेकंद धरले तरी साडेअठरा तास होतात. दोरा ओवणे, गाठ मारणे, घडी सरळ करणे मिळून वीस.

एकट्या बाईला दुपारचे दोन तास मिळाले तर हे दहा दुपारींचे काम झाले. तेवढे दिवस अंथरलेले लुगडे ओट्यावर राहू शकत नाही. पोरे तुडवतात, कोंबड्या फिरतात, संध्याकाळी माणसांना बसायला जागा लागते. उचलून ठेवावे तर थर सरकतात आणि गोधडीला सुरकुत्या पडतात. चार बायका चार कडांना बसल्या की तेच काम पाच तासांत, म्हणजे अडीच दुपारीत उरकते. चौघी कडेपासून सुरुवात करतात, टाके घालत आत सरकतात, आणि शेवटी मध्यावर एकमेकींच्या समोर येतात. एकत्र बसण्याची रीत ही अशी कामाच्या पोटातूनच आलेली आहे.

कापडाचाही हिशेब पाहण्यासारखा आहे. नऊवारी लुगडे म्हणजे २७ फूट लांब आणि सुमारे पावणेचार फूट रुंद, जवळजवळ १०० चौरस फूट. गोधडीच्या दोन्ही अंगांना मिळून ७० चौरस फूट लागतात. एका लुगड्यात पाठ आणि पोट दोन्ही झाकून काही उरते. आतल्या थरांना मग धोतर, जुनी पातळे, पोरांचे सदरे, फाटलेल्या गोधडीचा चोथा, काहीही चालते. वरचे अंग विरले की जुनी गोधडी तशीच आत ठेवून तिच्यावर नवे लुगडे चढवायचे. त्यामुळे जुन्या गोधडीचे पोट हे घराच्या कापडाचे दप्तरच असते. पुरातत्त्वाच्या उत्खननात जसा सर्वांत खालचा थर सर्वांत जुना, तसा इथे सर्वांत आतला थर जुना. मी पाहिलेल्या एका गोधडीच्या उसवलेल्या कोपऱ्यातून वर नायलॉन, खाली गिरणीचे सुती पातळ, त्याखाली जाडे हातमागाचे लुगडे असे तीन काळ एकाखाली एक दिसत होते. बायका वर्षे सांगत नाहीत. ‘पानशेत फुटलं त्या सालची’, ‘बहात्तरच्या दुष्काळातली’, ‘थोरल्याच्या बाळंतपणातली’ असे सांगतात. १२ जुलै १९६१ ही पानशेतची तारीख आपल्याला ठाऊक असल्यामुळे त्या गोधडीचे वय काढता येते.

ओवी आणि गप्पा

बायकांच्या एकत्र कामाची आपल्याकडची मोठी नोंद म्हणजे जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी सहकाऱ्यांसह पुण्याहून हे काम उभे केले आणि महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या लोकांसमोर आणल्या. दळणारी बाई काय विचार करत होती हे आज आपण ऐकू शकतो ते या कामामुळे.

गोधडीच्या बैठकीतले असे काही मागे राहिले नाही, याचे कारण कामाच्या स्वभावात आहे. दळण पहाटेचे, अंधारातले, एकटीचे किंवा दोघींचे. जात्याला फेर आहे, फेराला लय आहे, आणि त्या लयीत श्वास बांधला की ओवी निघते. ओवी पाठ होते, सासूकडून सुनेकडे जाते. गोधडी दुपारची, उजेडातली, चौघींची. सुईला अशी मोठी लय नसते. डोळे खाली टाक्यावर असतात, तोंड मोकळे असते. तिथे गाणे क्वचित होते. तिथे गप्पा होतात. आणि गप्पा पाठ होत नाहीत, दुपारबरोबर संपतात.

डोळे खाली असणे याला मी महत्त्व देते. समोरासमोर बसून बोलताना जी गोष्ट जिभेवर येत नाही, ती नजर टाक्यावर असताना येते. पाळी चुकली, नवऱ्याने हात उचलला, घरात पैसा राहत नाही, मुलगी नांदायला तयार नाही, हे सारे मान खाली घालून सांगता येत होते आणि ऐकणारीलाही मान वर न करता ऐकता येत होते. मांजरीतल्या सत्तरी ओलांडलेल्या एका आजींनी मला सांगितले, “अगं पोरी, नुसतं बसलं की सासू म्हणायची, काम नाही का तुला? हातात सुई असली म्हणजे कुणी उठवत नव्हतं.” या दोन वाक्यांत माझ्या लेखाचा निम्मा भाग आला.

इथे मांजरीच्या शेतीचाही संबंध येतो. कोरडवाहू गावात माघापासून ज्येष्ठापर्यंत बाईला शेतात काम कमी. वाकळा शिवायचा तोच हंगाम. मांजरी पडली कालव्याची. भाजीपाला, वांगी, ऊस, द्राक्षे. खुरपणी, तोडणी, बाजार भरणे, यांत बाराही महिने खंड नाही. मांजरीच्या बाईला मोकळा हंगाम असा नव्हता, तिला दिवसाला मिळाली तर दोन तासांची सवड मिळे. त्या सवडीतही नुसते बसणे बसत नव्हते. पाण्याने गावाला सुबत्ता दिली, बाईला दिली ती जास्तीची खुरपणी. म्हणूनही इथे सुईच्या निमित्ताची गरज अधिक होती.

कोण कोणाजवळ बसे

या बैठकीचे सोवळे चित्र रंगवणे मात्र खोटे ठरेल. शेतीत इर्जिक आणि सावड असे, तशीच ही बायकांची सावड होती. आज माझ्या ओट्यावर, उद्या तुझ्या. पण सावड आळीत होते, आणि आळ्या जातीच्या होत्या. ओट्यावर कोण चढेल, कोण खाली बसेल, कोण येणारच नाही, हे ठरलेले असे.

कापडही जातीच्या वाटेने फिरे. मोठ्या घरचे विरलेले लुगडे कामाच्या मोबदल्यात खालच्या मानलेल्या वस्तीत जाई. तिथली बाई ते आधी नेसे. नेसण्याच्या पलीकडे गेले की मग त्याची वाकळ होई. बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ मध्ये फलटण भागातल्या महार स्त्रियांच्या नेसण्यावरची बंधने सांगितली आहेत. उच्च मानलेल्या जातींच्या स्त्रियांसारखे लुगड्याचे काठ मिरवण्याची त्यांना मोकळीक नव्हती, काठ निऱ्यांत दडवावा लागे. हे वाचल्यापासून जुन्या गोधडीकडे पाहताना माझे लक्ष आधी काठाकडे जाते. लुगडे विरते, काठ टिकतो. म्हणून शिवणारी काठ उसवून ठेवते आणि गोधडीच्या कडेला किंवा मधोमध लावते. अंगावर जो दडवायचा, तो काठ अंथरुणावर उघडपणे लावायला कुणाची मनाई नव्हती. एवढी एक जागा तरी बाईच्या स्वतःच्या निवडीची होती.

लुगड्याच्या दोन वाटा

गोधडीचा इतिहास हा कापडाच्या टंचाईचा आणि मुबलकतेचा इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात कापड मिळेनासे झाले. १९४३ साली सुती कापड आणि सुतावर सरकारी नियंत्रण आले, ‘स्टँडर्ड क्लॉथ’ म्हणून ठरावीक दराचे जाडेभरडे कापड निघाले. घराघरात नवे लुगडे दुर्मीळ झाले की जुने अंगावर अधिक काळ राहते, आणि गोधडीच्या वाट्याला येते ते चिंधीच्या रूपात. त्या काळातल्या गोधड्यांत एकसंध अंग कमी आणि ठिगळे जास्त, असे जुन्या बायका सांगत आल्या आहेत.

पुढे टंचाई सरली, पण जुन्या लुगड्याला दुसरी वाट फुटली. डोक्यावर पाटी घेऊन बोहारीण दारात येऊ लागली. जुने कपडे द्या, भांडे घ्या. स्टेनलेस स्टीलचे भांडे घरात असणे ही साठ-सत्तरच्या दशकांत प्रतिष्ठेची गोष्ट होती. चार साड्यांवर एक पातेले पडते की पाच साड्यांवर, यावर ओसरीवर घासाघीस चाले. तेच जुने लुगडे आता गोधडीत जायचे की पातेल्यात, हा निर्णय बाईला करावा लागे. पातेले ताबडतोब दिसते आणि फडताळावर चमकते. गोधडीला वीस तास घालावे लागतात. घराघरातल्या चमकणाऱ्या मांडणीखाली किती न शिवलेल्या गोधड्या आहेत, याचा विचार करून पाहावा.

तिसरा घाव कृत्रिम धाग्याचा. टेरिकॉट, नायलॉन, पॉलिस्टर आले. साडी स्वस्त, टिकाऊ, पटकन वाळणारी झाली. नेसणाऱ्या बाईच्या दृष्टीने तो मोठा दिलासा होता. नऊवारी सुती लुगडे धुऊन पिळणे ही किती मेहनत होती हे पिळणारीच जाणे. गोधडीला मात्र हा कपडा मानवला नाही. तो घाम शोषत नाही, थर एकमेकांवरून निसटतात. बाळाच्या दुपट्याला तर तो उपयोगाचाच नाही. दुपट्याला अनेक धुण्यांनी मऊ झालेले सुती लुगडेच हवे, शक्यतो आजीचे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले, आणि त्यानंतर अनेक गिरण्या कायमच्या बंद पडल्या. कापड भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर गेले. गिरणगावातून सुट्टीला येणारा भाऊ-दीर आता गिरणीचे पातळ आणेनासा झाला. मांजरीतल्या गोधडीच्या आतल्या थरांत हा संपही शिवलेला आहे.

सहीशिवाय मिळणारा वारसा

मांजरीची जमीन गेल्या पंचवीस-तीस वर्षांत सोन्याच्या भावाची झाली. शेजारी हडपसरला मगरपट्ट्यात शेतकऱ्यांनी जमिनी एकत्र करून शहर वसवले. मग मांजरीच्या वांग्यांच्या वाफ्यांवरही इमारती चढू लागल्या. जमीन विकायची म्हटले की बहिणींच्या सह्या लागतात. महाराष्ट्राने १९९४ साली कायद्यात दुरुस्ती करून मुलींना एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलाप्रमाणे हक्क दिला. २००५ साली देशभर तो कायदा झाला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात हा हक्क जन्मानेच मिळतो असे स्पष्ट केले. कागदावर एवढे आहे. व्यवहारात राखी पौर्णिमा, भाऊबीज, माहेरचे दार उघडे राहावे ही इच्छा, आणि पुढे केलेले हक्कसोडपत्र आहे.

मी ज्या बायकांशी बोलले त्यांपैकी अनेकींनी ‘हक्कसोड’ हा शब्द पहिल्यांदा ऐकला तो वकिलाकडून नव्हे, दुसऱ्या बाईकडून, काम करता करता. एकीने सही केली होती, तिला नंतर कळले कशावर केली. तिने ते दुपारच्या बैठकीत सांगितले. ऐकणाऱ्या दोघींनी पुढे आपल्या वेळी कागद आधी घरी आणून मुलाकडून वाचून घेतला. सही त्यांनीही केली. पण त्यातल्या एकीने भावाकडून दोन गुंठ्यांचे पैसे ठरवून घेतले आणि मगच केली. “वहिनींनी सांगितलं नसतं तर मी साडीचोळीवर उठून आले असते,” ती म्हणाली. या वहिनी तिच्या नात्याच्या नव्हेत. आळीतल्या, समोरच्या कडेला बसणाऱ्या.

हे प्रसंग मोठे नाहीत. कोणत्याही चळवळीच्या इतिहासात ते यायचे नाहीत. पण बाईला तिच्या हक्काची माहिती कुठून मिळते, या प्रश्नाचे एक खरे उत्तर त्यांत आहे. वर्तमानपत्र पुरुषांच्या हातात होते, चावडी पुरुषांची होती, तलाठ्याकडे जाणे पुरुषांचे काम होते. बायकांची चावडी ही अशी, अंथरलेल्या लुगड्याभोवतीची.

आणि त्याच लुगड्यात आणखी एक वारसा आहे. आई गेली की जमीन भावांची, दागिन्यांवर चर्चा होते. लुगडी मात्र बहुतेक घरांत लेकी वाटून घेतात. आईच्या लुगड्याची गोधडी ही माहेरवाशिणीला कोणतीही सही न करता मिळणारी वस्तू आहे. ती इतकी जपली जाते यात माया आहे, हे सगळेच सांगतात. दुसरे काही हाती आलेले नसते हेही त्यात आहे, ते कुणी सांगत नाही.

दुसरीकडच्या बैठका

हे एकट्या मांजरीचे नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोडच्या जंगलपट्टीत सिद्दी लोक राहतात. त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगिजांनी गोव्यात आणलेले आफ्रिकी गुलाम. त्यांच्या बोलीत कोकणी-मराठीचा मोठा वाटा आहे. सिद्दी बायका ‘कवंदी’ शिवतात तीही कडेपासून आत, आपल्या गोधडीसारखीच. चार कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची ‘फुलां’ लावतात. फुलांवाचून कवंदी त्यांना उघडी वाटते. अमेरिकी कला-अभ्यासक हेन्री ड्रुअल यांनी त्यांच्यावर काम केले आणि या कवंद्या परदेशातल्या प्रदर्शनांत पोहोचल्या. बिहारात मुजफ्फरपूर जिल्ह्यातल्या भुसुरा गावी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस सुजनीचे काम पुन्हा उभे राहिले, तेव्हा बायकांनी तिच्यावर हुंडा, दारू, मुलींचे शिक्षण असे विषय टाक्यांनी काढले. म्हणजे एरवी दुपारीबरोबर संपणाऱ्या गप्पा तिथे कापडावर उमटल्या.

अमेरिकेत अलाबामा राज्यात १९६६ साली ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही कृष्णवर्णीय बायकांची सहकारी संस्था निघाली. तो काळ मतदानाच्या हक्काच्या लढ्याचा. मतदार म्हणून नाव नोंदवले म्हणून अनेक कुटुंबांना मळेवाल्यांनी जमिनीवरून हुसकले होते. गोधड्या विकून आलेला पैसा हा त्या बायकांना मळेवाल्यावाचून मिळालेला पैसा होता. त्याच भागातल्या जीज बेंड या वस्तीतल्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या कला संग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कमध्ये भिंतीवर लागल्या, तेव्हा समीक्षकांनी त्यांची तुलना आधुनिक चित्रकलेशी केली. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर इंग्रजीत स्वतंत्र पुस्तक केले आहे. या सर्व कामांतून एक गोष्ट मला शिकता आली. वस्तू भिंतीवर लागली म्हणून बैठक टिकते असे नाही. अलाबामात संस्था होती, तिचा हिशेब बायकांच्या हाती होता, म्हणून बैठकीला बळ आले.

आजची मांजरी

आता मांजरीत दोन मांजऱ्या आहेत. एक गावठाणातली आणि मळ्यांतली. दुसरी दहा-बारा मजली सोसायट्यांची. बीड, लातूर, धाराशिव, सोलापूरकडून कामासाठी आलेली कुटुंबे दोन्हींत आहेत. ओटा गेला, त्याची जागा लिफ्टजवळच्या मोकळ्या जागेने, मंदिराच्या मंडपाने किंवा पार्किंगमधल्या सावलीने घेतली. अशा एका जागी मी अलीकडे चार-पाच जणींना गोधडी शिवताना पाहते. एक इथल्या जुन्या घरातली, एक सोलापूरची, एक लातूरची, एक शेजारच्या इमारतीत घरकामाला येणारी. एक म्हणते गोधडी, दुसरी म्हणते वाकळ. एक कडेपासून आत येते, दुसरीला सरळ आडव्या ओळींची सवय आहे; त्यावरून वादही होतात. जुन्या आळीत या चौघी एका कापडावर बसल्या नसत्या. आळी मोडली त्याचे दुःख करणाऱ्यांनी ही जमेची बाजूही मांडावी.

पण चौघींची सवड सारखी नाही. घरकामाला येणारी दोन कामांच्या मधल्या अर्ध्या तासात बसते आणि घड्याळ पाहत उठते. तिची कड नेहमी मागे राहते. मग दुसऱ्या दोघी तिच्या वाटचे टाके घालतात. सावड अजून आहे ती इथे.

विक्रीचा प्रश्नही आहे. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ साली स्थापन झाले, पुढे बचत गटांचे जाळे विणले गेले, आणि भीमथडीसारख्या जत्रांत गोधडीला गिऱ्हाईक मिळू लागले. बाईच्या हाती पैसा येतो, हे चांगलेच. मात्र विकायची गोधडी बहुधा नव्या कापडाची, मशीनवर घातलेल्या टाक्यांची, एकटीने घरी पुरी केलेली असते, कारण नगावर पैसे आहेत आणि मशीनवर चौघी बसत नाहीत. तेरा हजार हातटाक्यांचे वीस तास रोजंदारीच्या दराने मोजले तर येणारी किंमत गिऱ्हाईक देत नाही. त्यामुळे गोधडी बाजारात टिकेल, असे मला वाटते. बैठक तिच्याबरोबर बाजारात जाणार नाही.

ती टिकायची तर तिच्यासाठी जागा आणि वेळ लागेल. वर सांगितलेल्या सोसायटीत ही मंडळी क्लबहाउसची एक खोली दुपारी दोन तास मागत आहेत. तिथे योगवर्ग चालतो, वाढदिवस होतात. ‘जुन्या चिंध्या घेऊन बसायला खोली कशाला,’ असे व्यवस्थापनातल्या एकाने विचारल्याचे मला सांगण्यात आले. आणि सोसायटीत न राहणाऱ्या, घरकामाला येणाऱ्या बाईने त्या खोलीत बसावे का, हा प्रश्न त्याहून अवघड होऊन बसला आहे. ओट्यावर कोण चढणार, हाच तो जुना प्रश्न. आता त्याला ओळखपत्र लागते.

त्या चौघींनी यावर काढलेले उत्तर साधे आहे. खोली मिळाली तर चौघींना, नाहीतर पार्किंग बरे. सध्या पार्किंगमध्येच एका दुपट्याचे काम चालू आहे. लातूरच्या बाईच्या सुनेचे दिवस भरत आले आहेत. वरचे अंग इथल्या घरातल्या आजींच्या सुती लुगड्याचे आहे, आतला थर सोलापूरच्या जुन्या चादरीचा, आणि काठ घरकामाला येणाऱ्या बाईने आणलेला. दोन कडा मध्याशी येऊन पोहोचल्या आहेत, दोन यायच्या आहेत.